‘लाझारस’चे पहिले भाग पाहून

‘काउबॉय बीबॉप’वाल्या शिनिचिरो वातानाबे यांची ‘लाझारस’ ही २०२५ची जपानी विज्ञान-चित्रमालिका. साल २०५२. ‘हाप्ना’ नावाच्या वेदनाशामकाने जगाचं दुखणं पळवलेलं. अचानक गायब झालेले त्याचे जनक डॉ. स्किनर परत येऊन सांगतात की, ही गोळी घेतलेले सगळे आता मरणार. स्किनर यांना शोधायला पाच जणांकडे ३० दिवस आहेत.

‘जॉन विक’च्या चॅड स्टाहेल्स्की यांनी आखलेली साहसदृश्यं डोळ्यांचं पारणं फेडतात. पात्रं अजून धूसर आहेत. पण कल्पना मनात रुतली. जरा डोकं दुखलं की दुकानातून सुटी गोळी घेणाऱ्या आपल्या नागपूरच्या सीताबर्डीला ही भीती परकी वाटू नये.

विज्ञानकथा मराठीलाही नवी नाही: जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. अशी समृद्ध परंपरा असताना मराठीत एकही विज्ञान-चित्रमालिका गाजू नये, हे मला फार सलतं. नागपुरात चित्रकला महाविद्यालय आहे, रमण विज्ञान केंद्र आहे. तरुण चित्रकारांनी नारळीकरांची एखादी कथा हाती घ्यावी. त्यांच्या रेखाटनांसाठी आमची पानं मोकळी आहेत.