चौकशी आणि धीर

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत 9 जानेवारी 2021 रोजीं मध्यरात्रीनंतर नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली व 10 बालकें दगावलीं. आमच्या सदरपासून हें गांव साठेक किलोमीटरांवर. पुढील महिन्यांत दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तेव्हांच्या अहमदनगरला रुग्णालय पेटलें, तेव्हां वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांस अटकच झाली. दोष कोणाचा हें ठरविणें न्यायालयाचें काम. आमचा प्रश्न निराळा आहे. जिच्या पाळींत असा अनर्थ घडतो, तिच्याशीं दुसऱ्या दिवशीं बोलतें कोण?

"ज्यांचीं मुलें गेलीं त्यांच्याशीं बोला," असें कोणी म्हणेल. आक्षेप पोकळ नाहीं. डॉ. आल्बर्ट वू यांनीं 2000 सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें चुकीनें पोळलेल्या डॉक्टरास 'दुसरा बळी' म्हटलें. 2019 सालीं त्याच पत्रांत रुग्णांच्या बाजूनें या शब्दास हरकत घेण्यांत आली, ती आम्हांस रास्त वाटते. पण शब्द टाकला म्हणून माणूस टाकावें असें होत नाहीं. भेदरलेली परिचारिका उद्यां रात्रीं पुन्हां कोणाच्या तरी सलाईनला हात लावणार आहे. तो रुग्ण आक्षेपकाच्या घरचाहि असूं शकेल!

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत 2011 पासून अशा प्रसंगीं सहकाऱ्यांनींच धीर देण्याची योजना आहे. तिचें मोल काढतांना हिशेबनिसांनीं मदत मागणाऱ्या दर परिचारिकेमागें सुमारें 22,000 डॉलर वांचल्याचें दाखविलें. रजा टळल्या, नोकरी सोडणारीच्या जागीं दुसरी शोधावी लागली नाहीं. वाहवा! हेंच गणित आमच्याकडील कंत्राटी परिचारिकेला लावा. ती गेली तर दारांत दुसऱ्या दहाजणी उभ्या; म्हणजे तिच्या धीराची किंमत शून्य!

आमची कसोटी वेगळी आहे. योजना आल्यावर चुका अधिक कळविल्या जातात काय? न कळविलेली चूक दुरुस्त होत नाहीं, हें उघड आहे. आणि मेख येथेंच आहे. धीर देणाऱ्यापाशीं उच्चारलेला शब्द चौकशीच्या कागदांत उतरणार असेल, तर कोणती शहाणी बाई तोंड उघडील? चौकशी एका खोलींत, धीर दुसऱ्या खोलींत, आणि दोहोंमध्यें कागदाची देवघेव नाहीं, असा नियम एखाद्या जिल्हा रुग्णालयानें आधीं करून दाखवावा. मग परिपत्रकें, व्याख्यानें व योगवर्ग यांची मोजदाद खुशाल करावी. धीर देणारी व्यक्ति त्या परिचारिकेच्या कामावर वार्षिक शेरा लिहिणारी नसावी, हेंहि त्यांतच आलें.