उपडे मडके, उतरती उन्हे

पौष उजाडतो, उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडींवर टांगलेले बोंबील कोरड्या वाऱ्यात खुळखुळू लागतात, घोडबंदरच्या डोंगरावरून पहाटेचा गारठा इमारतींच्या गल्ल्यांत उतरतो आणि मंडईत वालाच्या शेंगांचे ढीग दिसले की आपल्याला विस्तवाची ओढ लागते. पाश्चात्त्य देशांत उन्हाळा आला की माणसे अंगणात जाळी मांडतात, निखाऱ्यांवर घरचे बर्गर भाजतात. आपल्या कोकणपट्टीत हा ऋतू थंडीचा, आणि त्याचे नाव पोपटी.

ती मूळची रायगडची, अलिबाग-पेणच्या शिवारांतली. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरायचा, शेंगा भरल्या की बांधावरच मडके लावायचे. तळाशी भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला, वर शेंगा, खडेमीठ, ओवा, पुन्हा पाला. तोंड पाल्यानेच गच्च दाबून मडके दगडांवर उपडे घालायचे आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. आत पाणी नाही, तेल नाही. शेंगांच्या अंगच्याच ओलाव्याची वाफ उपड्या मडक्यात कोंडून राहते आणि दाणा लोण्यासारखा मऊ होतो. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारावा. चर्र करून पाणी क्षणात उडाले, की पोपटी झाली.

सोयरिकींबरोबर ही रीत आपल्या मीरा-भाईंदर शहरातही येऊन पोचली आहे. लोकलच्या खिडकीतून भाईंदरची मिठागरे पाहत मोठे झालेल्या आपल्याला तर या मडक्यातले खडेमीठ परके नाहीच. खाडीचे पाणी वाफ्यांत अडवून, उन्हात आटवून पिकवलेले ते मीठ याच खारट जमिनीचे पीक. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आपण वर्षाचा हिशेब मांडतो तेव्हा या जमिनीचा विचार मनात यावा. २८ फेब्रुवारी २००२ रोजी आपली महानगरपालिका झाली. शहर उंच होत गेले आणि मडके लावायला लागणारी चार हात उघडी माती दुर्मीळ झाली. सोसायटीच्या आवारात जो एक कोपरा फरशीवाचून उरला असेल, तो तसाच राखणे हे आपलेच काम आहे.

आणि त्या कोपऱ्याभोवती कोण बसणार, याची तयारी मडक्याच्या तयारीइतकीच मनापासून व्हायला हवी. आपल्या जिन्यात आगरी, कोळी, ईस्ट इंडियन, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय अशी सारी दारे एकमेकांसमोर उघडतात. अंडी आणि कोंबडी घालायची तर त्यांचे मडके वेगळे, चूल वेगळी. ज्यांना कंदमुळे वर्ज्य, त्यांच्यासाठी बटाट्याऐवजी सालासकट कच्ची केळी शेंगांत पुरावीत. मुले बर्गर मागतात, तर तोही इथेच घडू द्यावा: वाफवलेले दाणे नि केळी ठेचून, त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर आणि तांदळाचे पीठ मिसळून टिक्क्या थापाव्यात, उरलेल्या निखाऱ्यांवर तवा ठेवून खरपूस भाजाव्यात. पाव तर आपल्या घरचाच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पाव राहिला. बर्गरच्या गोल पावाला वर तीळ लावलेले असतात, आणि भोगीच्या बाजरीच्या भाकरीलाही. हे साम्य पाहून दरवर्षी मनाला खरोखर आनंद होतो.

विस्तवाशी मात्र हयगय नको. चेण्याच्या बाजूला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला या दिवसांत गवत वाळून कोळ झालेले असते. तिथे काडीसुद्धा ओढू नये. प्लास्टिक जाळू नये, पाण्याच्या दोन बादल्या आधी भरून ठेवाव्यात, राख पूर्ण विझवूनच उठावे.

एरवी पोपटी रात्रीची. पण शेजारी चौविहार पाळणारे, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाणारे असतील, तर चारलाच मडके पेटवावे. पाचपर्यंत पाला उसकटून पहिली वाफ मोकळी व्हावी, वयाने थोर असलेल्या काकूंना खुर्ची उन्हात मांडून द्यावी, आणि सहाच्या आत गरम टिक्कीचा पाव त्यांच्या हाती पडावा. कारण भोगीचा सूर्य सव्वासहाच्या सुमारास उत्तनच्या समुद्रात उतरतो.