खडे पित्ताशयात, घोळ निर्णयात

मार्च २०२१ च्या अखेरीस शरद पवार यांना पोटदुखीमुळे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि पित्ताशय हा एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेला अवयव काही दिवस राजकीय बातम्यांच्या पानावर आला. ३० मार्चच्या रात्री तोंडावाटे दुर्बीण घालून त्यांच्या पित्तनलिकेत अडकलेला खडा काढण्यात आला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया पुढे १२ एप्रिलला झाली. खडा तर निघाला, मग पुन्हा शस्त्रक्रिया कशासाठी, असा प्रश्न बातमी वाचणाऱ्या कोणालाही पडावा. प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे घरोघरी उलटसुलट निर्णय होत असतात. कोणी गरज नसताना पोटाला छिद्रे पाडून घेतो, तर कोणी गरज असताना काढे पीत बसतो.

घोळाची सुरुवात भाषेपासूनच होते. मराठीत ‘पित्त’ या एका शब्दावर आपण तीन-चार आजारांचे ओझे टाकले आहे. छातीत जळजळले की पित्त, डोके दुखून उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. वस्तुतः जळजळ जठरातल्या आम्लाची, डोकेदुखी बहुधा अर्धशिशीची आणि गांधी बऱ्याचदा ॲलर्जीच्या. पित्ताशयात असते ते यकृताने तयार केलेले हिरवट-पिवळे पित्त. ते साठवून आटवणे आणि जेवणानंतर चरबी पचवण्यासाठी आतड्यात सोडणे, एवढेच त्या लहानशा पिशवीचे काम. त्यातले कोलेस्टेरॉल किंवा रंगद्रव्य साकळले की खडे होतात. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, आणि घरातली बाई दुखणे अंगावर काढण्यात पटाईत. खड्यामुळे उठलेली कळ ती ‘पित्त वाढलंय’ म्हणून आमसुलाच्या सारावर आणि दुकानातून आणलेल्या गोळीवर भागवते. कळ दोन-चार तासांनी आपोआप थांबते, श्रेय मात्र गोळीला जाते.

दुसरा घोळ मुतखड्याशी होणाऱ्या गल्लतीचा. मुतखडा पडून गेला की माणूस सुटला, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यासाठी कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, भरपूर पाणी असे उपाय चालत आले. तेच उपाय पित्ताशयाच्या खड्यावरही बिनदिक्कत केले जातात. पण हा खडा मूत्रमार्गात नसतोच, तेव्हा लघवी वाढून तो वाहून कसा जाणार? किंबहुना येथे न्याय उलटा आहे. पित्ताशयातला खडा जागच्या जागी असेल तोवर बहुधा निरुपद्रवी असतो. तो सरकला की संकट. पिशवीच्या तोंडाशी अडकला तर पित्ताशयाला सूज येते. पुढे सामाईक नलिकेत उतरला तर कावीळ होते, पित्तमार्गात जंतुसंसर्ग होतो, आणि त्याच वाटेवर उघडणाऱ्या स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतू शकते. पवारांवर दोन टप्प्यांत उपचार का झाले, याचे उत्तर येथे सापडते. नलिकेतला खडा काढणे तातडीचे होते. पण खडे तयार करणारी पिशवी तशीच राहिली असती तर दुसरा खडा त्याच वाटेने आला असता.

लिंबाचा रस, सफरचंदाचा रस आणि वाटीभर ऑलिव्ह तेल पिऊन दुसऱ्या दिवशी शौचावाटे हिरवे खडे पडल्याची छायाचित्रे मोबाइलवर फिरतात. ते खडे म्हणजे त्याच तेलाचा पोटात झालेला साबण असतो, हे तपासणीत सिद्ध झाले आहे. विरघळवणारे औषध आहे. पण ते लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, चालू स्थितीतल्या पित्ताशयात, महिनोन्‌महिने घेतले तर लागू पडते, आणि बंद केल्यावर खडे पुष्कळदा पुन्हा होतात. म्हणून खरा उपचार म्हणजे पिशवीच काढणे, हे बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा करून मांडले. ते आजही बदललेले नाही.

बदलली ती वाट. पूर्वी उजव्या बरगडीखाली वीतभर छेद असे. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ साली सदरा वर करून पत्रकारांना तो व्रण दाखवला, तेव्हा जगाने तो पाहिला. १९८५ साली जर्मनीच्या बोब्लिंगेन गावात एरिश म्यूह यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. त्यांच्याच देशातील शल्यचिकित्सकांनी त्यांना प्रथम झिडकारले. पण फ्रेंचांनी ती पद्धत पुढे नेली आणि १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी ती भारतात आणली. एका सरकारी रुग्णालयात हे घडले, याची आठवण आज पंचतारांकित रुग्णालयांच्या जाहिराती वाचताना ठेवायला हरकत नाही. आठ-दहा दिवसांचे इस्पितळ एक-दोन दिवसांवर आले, दुखणे कमी झाले. हा लाभ निर्विवाद आहे.

पण सोय झाली की गरजेची व्याख्या सैल होते. अमेरिकेतील मेरीलँड राज्याचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. दुर्बीण आल्यावर दर शस्त्रक्रियेमागचे मृत्यूचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले. मात्र शस्त्रक्रियांचा दर २८ टक्क्यांनी वाढला आणि एकूण मृत्यूंचा आकडा होता तिथेच राहिला. शस्त्रक्रिया सोपी झाली म्हणून जे टेबलावर आले, त्यांपैकी किती जणांना तिची गरज होती, हा प्रश्न त्या आकड्यांतून निघतो.

आपल्याकडे या प्रश्नाला सोनोग्राफीने धार आणली आहे. तालुक्याच्या गावापर्यंत हे यंत्र पोहोचले. (गर्भलिंगनिदानासाठी त्याचा जो गैरवापर झाला, तो वेगळ्या लेखाचा विषय.) दुसऱ्याच कारणासाठी पोट तपासावे किंवा ‘फुल बॉडी चेकअप’ करावा आणि अहवालात पित्ताशयात खडा निघावा, हे आता रोजचे झाले आहे. काहीही दुखत नसलेला माणूस त्या कागदामुळे रुग्ण बनतो. मिशिगन विद्यापीठातील अशाच १२३ मूक खडेवाल्या अध्यापकांचा मागोवा घेण्यात आला होता. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पंधरा वर्षांत फक्त १८ टक्क्यांना कळ आल्याचे दिसले. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनीही दुखत नसेल तर बहुतेकांना उपचार नकोत, असाच निर्वाळा दिला.

अर्थात ‘बहुतेकांना’ या शब्दाला महत्त्व आहे. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग जगात सर्वाधिक आढळणाऱ्या भागांइतका आहे. तेथील शल्यचिकित्सक मूक खड्याकडे मिशिगनच्या नजरेने पाहत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल, पित्ताशयात मोठा कोंब वाढला असेल, भिंतीवर चुन्याचा थर धरला असेल, तर न दुखताही पिशवी काढण्याचा सल्ला मिळू शकतो. विदर्भात आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलच्या रुग्णांना तर कोवळ्या वयात खडे होतात. त्यांच्या पोटदुखीला ‘सिकलसेलचीच कळ’ म्हणून झटकले जाण्याचा धोका असतो. तेथे सोनोग्राफी अधिक हवी, कमी नव्हे.

आणि दुखत असेल तर? येथेही उत्तर वाटते तितके सरळ नाही. पित्ताशयाची कळ ओळखू येण्याजोगी असते: वरच्या पोटात किंवा उजव्या बरगडीखाली, अर्ध्या तासाहून जास्त टिकणारी, पुष्कळदा जेवणानंतर किंवा रात्री उठणारी, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी, ढेकर देऊन वा शौचाला जाऊन न थांबणारी. (मधुमेह्याने अशा वेळी हृदयाचा आलेखही काढून घ्यावा.) ही कळ असेल तर शस्त्रक्रियेने गुण येतो. परंतु पोट फुगणे, करपट ढेकर, गॅस या तक्रारी खड्यांच्या माथी मारून पिशवी काढली तर तक्रारी राहतात आणि पिशवी जाते. नेदरलँड्समधील १,०६७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. रुग्ण काटेकोर निकषांवर निवडा की नेहमीच्या पद्धतीने, वर्षभरानंतर पूर्णपणे वेदनामुक्त असलेले ६० टक्क्यांच्या वर गेले नाहीत. ब्रिटनमधील ४३४ रुग्णांच्या २०२३ सालच्या चाचणीत, खड्यांनी अन्य गुंतागुंत केलेली नसलेल्यांना थांबवून पाहिले, तेव्हा दीड वर्षात २५ टक्क्यांनाच शस्त्रक्रिया लागली, आणि वेदनेच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दीड वर्ष हा फार मोठा काळ नव्हे, हे खरे. कावीळ, ताप, स्वादुपिंडाची सूज झाली असेल त्यांना यातला एकही आकडा लागू नाही. त्यांनी दिरंगाई करू नये.

निर्णयाची घाई का टाळायची, याचे आणखी एक कारण आहे. पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण हजारात तीन ते पाच असे सांगितले जाते. आकडा लहान, पण ज्याच्या वाट्याला ते येते त्याचे आयुष्य बदलते. पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षांच्या तपासण्या. अनुभवी शल्यचिकित्सक आत सूज आणि गुंता दिसला तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतो. नातेवाईक मात्र बाहेर याला ‘ऑपरेशन फसले’ म्हणतात. वास्तविक शहाणपणाने बदललेली ती वाट असते, आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्याविषयी बोलून घेतले तर दोन्ही बाजूंचा ताण वाचतो.

यात पैशाचा भाग आहेच. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत पित्ताशयाच्या खड्यासाठी दोन वर्षे थांबावे लागते. त्यामुळे एकीकडे कळा सोसत मुदत संपण्याची वाट पाहणारे रुग्ण, तर दुसरीकडे ‘विमा आहे ना, मग उरकून टाकू’ म्हणणारे. दोन्हींत निर्णय घेते ती पॉलिसी. सरकारी योजनांनी गरिबाला दार उघडले, हे चांगलेच झाले. पण त्या रुग्णालयातल्या खर्चापुरत्या असतात. घरी परतल्यावर बुडणाऱ्या मजुरीची तरतूद त्यात नाही.

आणि बरे होणे घडते ते घरीच. ‘चारच छिद्रे तर आहेत’ या वाक्याने बायकांचे जितके नुकसान केले तितके क्वचितच कशाने केले असेल. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी, आठवड्यात हंडा-कळशी डोक्यावर. वास्तविक पहिल्याच दिवशी उठून चालावे, हे खरे. शिजवणे-वाढणे आठवड्या-दोन आठवड्यांत जमते. पण भरलेली बादली, सिलिंडर, धान्याचे पोते उचलणे काही आठवडे नकोच. पोटात भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो, त्याने घाबरून जाऊ नये. पित्त आता थेंबाथेंबाने थेट आतड्यात उतरते, त्यामुळे काहींना सुरुवातीला पातळ शौच होते. बहुतेकांचे ते थांबते, न थांबल्यास औषध आहे. जन्मभर वरण-भाताची शिक्षा कोणालाही लागू नाही. थोडे थोडे खाऊन महिन्याभरात नेहमीच्या जेवणावर यावे. मात्र ताप, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी, कमी होण्याऐवजी वाढणारे दुखणे किंवा फुगत जाणारे पोट यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेनंतर काढलेले खडे बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती बाटली घरी येते, आल्यागेल्याला दाखवली जाते, कधी शोकेसमध्येही बसते. पिशवीचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली पाहिजे. कारण पित्ताशयाचा सुरुवातीचा कर्करोग अनेकदा याच तपासणीत, अनपेक्षितपणे, हाती लागतो आणि त्या टप्प्यावर तो बरा होऊ शकतो. हा अहवाल साधारण आठवड्याभराने येतो, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि कागद प्रयोगशाळेच्या खिडकीवर पडून राहतो. टाके दाखवायला जाल तेव्हा तो मागून घ्या.