बर्फ पडण्याआधीच विकलेला डोंगर

अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातला व्हेलचा डोंगर १९६२ च्या डिसेंबरात स्कीइंगसाठी खुला झाला, तेव्हा दिवसभराचे तिकीट ५ डॉलर होते. मधल्या काळातली महागाई हिशेबात धरली तर आज ते ५०-५५ डॉलर व्हायला हवे. २०२४-२५ च्या हंगामात गर्दीच्या दिवशी त्याच डोंगराच्या तिकीट खिडकीवर ३२९ डॉलर, म्हणजे २८ हजार रुपयांच्या घरातली रक्कम, मागितली जात होती. या पैशात मिळते काय, तर लिफ्टच्या खुर्चीत बसून दिवसभर वर जाण्याचा हक्क. बूट आणि स्कीचे भाडे, शिकवणाऱ्याची फी, खोली, डोंगरावरचे जेवण हे सगळे निराळे. एवढे पैसे देते तरी कोण, असे कोणालाही वाटेल. खरे तर ते फारसे कोणी देऊ नयेत, अशीच कंपनीची योजना आहे. खिडकीवरचा आकडा पाहून माणसाने धसका घ्यावा आणि पुढच्या वर्षी बर्फाचा पत्ता नसतानाच अख्ख्या हंगामाचा पास काढून ठेवावा, यासाठी तो तिथे लावलेला असतो. परदेशातल्या मोठ्या स्की रिसॉर्टवरच्या सुट्टीबद्दल बोलताना आपल्याकडे बर्फ, पाइनची झाडे आणि फोटो एवढ्यावर विषय संपतो. त्या सुट्टीमागचा व्यवहार मात्र गेल्या पंधरा-सतरा वर्षांत मुळापासून बदलला आहे, आणि माझ्या मते तो वाईट दिशेने बदलला आहे. निसर्गाच्या लहरीचा जो धोका पूर्वी डोंगर चालवणारा सोसत असे, तो त्याने अंगावरून झटकून पाहुण्यावर, कामगारावर आणि गावावर टाकला आहे.

व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००८ साली एपिक पास आणला. किंमत होती ५७९ डॉलर, आणि तेवढ्यात कंपनीच्या डोंगरांवर हंगामभर हवे तितके दिवस स्कीइंग करता येणार होते. आर्थिक मंदीच्या त्या वर्षात हा प्रकार अनेकांना धाडसाचा वाटला. आज कंपनीच्या ताब्यात उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि स्वित्झर्लंड मिळून ४२ रिसॉर्ट आहेत, पास हजार डॉलरच्या पुढे गेला आहे आणि डोंगरावर होणाऱ्या फेऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश फेऱ्या पासधारकांच्या असतात. पासची विक्री वसंत ऋतूत सुरू होते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते. म्हणजे हिवाळा नीट सुरू होण्याआधी बहुतेक पैसे गल्ल्यात जमा झालेले असतात. पुढे बर्फ कमी पडला, लोक कमी आले, तरी जमा रक्कम हलत नाही. २०२३-२४ च्या हंगामात कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या डोंगरांवर येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा घटली, लिफ्टचे उत्पन्न मात्र वाढले. शेअरधारकांच्या दृष्टीने हा कौतुकाचाच विषय. पास म्हटले की मुंबईकराला लोकल आठवेल. तिथेही रोज जाणाऱ्याला सवलत मिळते. पण पास खपावेत म्हणून रेल्वेने कधी ठाण्याहून दादरचे तिकीट पाच हजार रुपये केलेले नाही. सवलत देणे वेगळे आणि सवलत न घेणाऱ्याला दंड करणे वेगळे.

डोंगर चालवणाऱ्याने झटकलेला हा धोका नेमका कोणाच्या पदरात पडला, हे पाहायचे तर युटा राज्यातल्या पार्क सिटीकडे वळावे लागते. हे मूळचे चांदीच्या खाणींचे गाव. खाणी बसू लागल्या तेव्हा खाण कंपनीनेच केनेडी सरकारच्या काळातले सरकारी कर्ज घेऊन १९६३ साली स्कीइंग सुरू केले. सुरुवातीच्या काळात लोकांना खाणीतल्या छोट्या गाडीतून बोगद्यात नेत आणि तिथून खाणकामगारांच्या पाळण्याने डोंगराच्या वरच्या भागात काढत. पुढे मालक बदलले. डोंगराच्या मोठ्या भागाची जमीन भाडेपट्ट्यावर होती आणि भाडे होते वर्षाला दीड लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ फुकटच. २०११ मध्ये तेव्हाच्या चालकांची भाडेपट्टा वाढवून घेण्याची मुदत काही दिवसांनी हुकली. कोर्टकचेरी झाली, आणि शेवटी २०१४ मध्ये १८ कोटी २५ लाख डॉलरला रिसॉर्ट व्हेल रिसॉर्ट्सच्या हाती गेले. दुसऱ्याच वर्षी शेजारचे कॅनियन्स त्याला जोडून ७,३०० एकरांचे, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या रिसॉर्टांपैकी एक, उभे राहिले. एका उशिरा पोचलेल्या पत्रामुळे एवढा डोंगर हातचा जावा, हे त्या देशातल्या वकिलांच्या तब्येतीला मानवणारेच म्हणायचे.

याच पार्क सिटीत २७ डिसेंबर २०२४ रोजी, नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या ऐन गर्दीत, स्की पेट्रोलच्या सुमारे २०० जणांनी संप पुकारला. ही माणसे करतात काय, हे माहीत नसेल तर संपाचा परिणाम कळत नाही. पहाटे उजाडण्याआधी ती वर जातात, साचलेला बर्फ अंगावर कोसळेल अशा उतारांवर स्फोटके टाकून तो आधीच पाडून घेतात, धोक्याच्या जागा दोरांनी अडवतात आणि दिवसभर जखमींना घसरगाडीवर बांधून खाली आणतात. त्यांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय लिफ्ट सुरू होत नाही. मागणी होती सुरुवातीचा पगार तासाला २१ डॉलरवरून २३ डॉलर करण्याची. दहा लाख डॉलरमध्येही साधेसे घर मिळणे कठीण असलेल्या गावात हे दोन डॉलर म्हणजे काही चैन नव्हे. कंपनीने इतर डोंगरांवरून माणसे आणून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला, पण उतारांचा बहुतांश भाग बंदच राहिला. मोजक्या चालू लिफ्टखाली तासन्‌तास रांगा लागल्या. वर्षभर पैसे साठवून, विमानाची तिकिटे काढून आलेली कुटुंबे त्या रांगांत उभी होती. ८ जानेवारीला करार झाला आणि सुरुवातीचा पगार २३ डॉलर झाला.

तेरा दिवस हा तमाशा चालू का राहिला, याचे उत्तर मला पासच्या हिशेबात दिसते. रोजच्या तिकिटांवर जगणाऱ्या डोंगराला नाताळच्या आठवड्यात तेरा दिवस काढणे परवडलेच नसते. मालक दुसऱ्या दिवशी बोलणी करायला बसला असता. इथे बहुतेक गिऱ्हाइकांचे पैसे आधीच आलेले होते. उतार उघडे राहोत की बंद, जमेच्या बाजूला तातडीचा फरक पडत नव्हता. नुकसान झाले ते नावाचे, आणि ते पुढे शेअरच्या भावात व गुंतवणूकदारांच्या नाराजीत दिसलेही. मे २०२५ मध्ये मुख्याधिकारी बदलून रॉब कॅट्झ पुन्हा त्या जागी आले. भरपाईचा मार्ग तर आणखी बोलका होता. संपाच्या दिवसांत तिथे स्कीइंग केलेल्यांना त्या दिवसांच्या निम्म्या मोलाची सवलत मिळाली, पण ती पुढच्या हंगामाच्या पासवर. ज्याचा आगाऊ खरेदीने घात केला, त्याला दिलासा म्हणून पुन्हा आगाऊ खरेदी.

यावर पहिला आक्षेप येतो तो पगाराबद्दल. तासाला २१ डॉलर म्हणजे अमेरिकेतल्या किमान वेतनाच्या जवळजवळ तिप्पट, काम आवडीचे, नको असेल तर दुसरे धरावे. बाजाराच्या नियमाने हे म्हणणे चालले असते, जर ती माणसे बदलता आली असती. संपाने दाखवले ते नेमके हेच की ती बदलता येत नाहीत. कोणत्या उतारावर वारा कुठल्या बाजूने बर्फ साठवतो हे पुस्तकात वाचून येत नाही, तिथे काही हिवाळे काढावे लागतात. अनुभवी माणूस घरभाडे परवडत नाही म्हणून निघून गेला की त्याच्याबरोबर ते ज्ञानही जाते, आणि त्याची किंमत हिमस्खलनाच्या दिवशी पाहुणा मोजतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. पास येण्याआधी मोठ्या डोंगराचा हंगामी परवाना फार महाग होता. आज जो माणूस वर्षातून आठ-दहा दिवस जातो त्याला दिवस शंभर डॉलरच्या आसपास पडतो. हवामान बदलत असताना आगाऊ पैशाशिवाय लिफ्ट, कृत्रिम बर्फाची यंत्रे आणि बारमाही नोकर पोसणे कठीण आहे. गावेही काही साधुसंत नाहीत. पार्क सिटीत कंपनीला दोन लिफ्ट बदलून मोठ्या करायच्या होत्या; काही रहिवाशांनी पार्किंगच्या मुद्द्यावर अपील केले, २०२२ मध्ये नियोजन आयोगाने ते मान्य केले आणि त्या लिफ्ट कॅनडातल्या व्हिस्लरला रवाना झाल्या. व्हेलमध्ये तर कंपनी कामगारांसाठी घरे बांधायला निघाली होती, ती जागा रानमेंढ्यांच्या अधिवासाचे कारण देऊन गावाच्या परिषदेनेच सक्तीने ताब्यात घ्यायचे ठरवले. हे सगळे मान्य. पण यातून पास असावा एवढेच सिद्ध होते. एका दिवसासाठी आलेल्याला तिप्पट महागात पाडावे, हे सिद्ध होत नाही. आगाऊ घेणाऱ्याला तीस-चाळीस टक्के सवलत देऊनही पैसा आधी गोळा होतो. आणि धोका गिऱ्हाइकाने उचलावा असे ठरले असेल, तर विमा उतरवणाऱ्याला मिळतो तसा मोबदला त्याला द्यायला हवा. निदान उतार बंद राहिले तर रोख परतावा.

दुसरी पद्धत जगात नाही असेही नाही. फ्रान्समध्ये ९ जानेवारी १९८५ च्या पर्वत कायद्याने स्की लिफ्ट ही सार्वजनिक सेवा ठरवली आणि तिची जबाबदारी स्थानिक गावाकडे, कम्यूनकडे दिली. गावाने ती स्वतः चालवावी किंवा ठरावीक मुदतीच्या कराराने कंपनीला चालवायला द्यावी. कुर्शेव्हेल, मेरिबेल आणि व्हाल तोरांस मिळून झालेल्या त्र्वा व्हाले या प्रदेशात ६०० किलोमीटरचे उतार आहेत, आणि तिथला एका दिवसाचा पास २०२४-२५ मध्ये १०० युरोंच्या आतच होता. तिथल्या कंपन्याही नफा कमावतात, कोम्पान्यी देझाल्प तर शेअर बाजारात नोंदलेली आहे. या पद्धतीचे दोष मला लपवायचे नाहीत. १९६०-७० च्या दशकांत सरकारी योजनेने आल्प्समध्ये उभारलेल्या काँक्रीटच्या वसाहती पाहवत नाहीत, वर्षातले बहुतेक आठवडे रिकाम्या पडणाऱ्या घरांचा तिथे सुकाळ आहे, आणि कमी उंचीवरची गावे लिफ्टच्या तोट्यात बुडत आहेत. २०२३ मध्ये नेचर क्लायमेट चेंज या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने युरोपातली २,२३४ रिसॉर्ट तपासली; तापमान २ अंशांनी वाढले तर कृत्रिम बर्फाशिवाय त्यांपैकी ५३ टक्क्यांना बर्फटंचाईचा अतिशय मोठा धोका आहे. पण तोटा आला तेव्हा तो कोणासमोर आला ते पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिण आल्प्समधल्या सेन गावाने ग्रां प्युई हे आपले छोटे रिसॉर्ट बंद करायचे की नाही यावर मतदान घेतले. सुमारे ७१ टक्क्यांनी बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. निर्णय दुःखाचा असेल, पण हिशेब गावाच्या समोर होता आणि मतही गावाचे होते. पार्क सिटीच्या रहिवाशाला किंवा पासधारकाला असे कोणी विचारत नाही.

यात आपला काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी घरांकडे पाहावे. टाहो सरोवराभोवतीच्या डोंगरांवर हिवाळ्यातले शनिवार-रविवार घालवणारी तिथली पुढची पिढी आता स्कीइंग सराईतपणे करते, तिच्याकडे पास असतो आणि तिला हा व्यवहार फायद्याचाच वाटतो. अडकतो तो डिसेंबरात पुण्याहून किंवा नाशिकहून महिनाभर आलेला काका, मामेभाऊ, ज्याला एकदाच, एकच दिवस बर्फावर उभे राहून पाहायचे असते. ऑगस्टमध्ये पासचा विचार त्याच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. नवा माणूस या खेळात येतो तो असाच, एका दिवसासाठी. त्याला खिडकीवरूनच परत पाठवले तर दहा वर्षांनी पास विकत घ्यायला कोण उरणार, हे कंपनीलाही उमगलेले दिसते. २०२५-२६ साठी पासधारकांच्या मित्रांना खिडकीच्या दरात ५० टक्के सवलतीची तिकिटे तिने जाहीर केली, आणि त्याच वर्षी विकल्या गेलेल्या पासची संख्या घटलेली होती. अर्थात ज्याचा मित्र पासधारक नाही, त्याच्यासाठी खिडकीचा पूर्ण दरच राहिला.

कंपनीच्या शहाणपणावर हे सोपवून देण्याची गरज नाही. व्हेलसह अमेरिकेच्या पश्चिमेतले पुष्कळ मोठे स्की डोंगर खासगी नाहीत. ती वनखात्याची, म्हणजे जनतेची जमीन आहे, १९८६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४० वर्षांच्या परवान्यावर दिलेली. बदल्यात सरकारला मिळते उत्पन्नाच्या दीड ते चार टक्के. परवान्यात झाडे, पाणी आणि सुरक्षितता यांच्या अटी असतात. त्यांतच आणखी दोन घालता येतील: खिडकीवरचे दिवसाचे तिकीट पासच्या किमतीच्या ठरावीक हिश्शापेक्षा महाग असू नये, आणि उतारांचा ठरावीक भाग बंद राहिला तर त्या दिवसाचे पैसे रोख परत द्यावेत. असे केले तर कंपन्या गुंतवणूक थांबवतील, ही धमकी लगेच येईल. डोंगर उचलून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, आणि एवढी वर्षे इतक्या स्वस्त भाड्यात मिळालेली जमीन कोणी आपणहून सोडून गेल्याचे फारसे ऐकिवात नाही.