सात वाजताचा भोंगा

गेल्या महिन्यात आमच्या घरी मोठे भांडण झाले. दहावीतला मुलगा रात्री साडेबारापर्यंत पांघरुणात मोबाईल बघत होता. आम्ही तो हिसकावून कपाटात कुलूपबंद केला. दोन दिवस मुलगा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाला, "जेवताना तुम्ही तरी फोन खाली ठेवता का?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

अलिबाग-मुरूडच्या या पट्ट्यात आपण आईबाप दिवसभर बाहेर. कोणी कंपनीत ठेकेदाराकडे, कोणी पर्यटकांच्या बंगल्यांवर धुण्याभांड्याला, कोणी मांडव्याहून लाँचने मुंबईला. मागे पोरांना सोबत फोनचीच. त्यात २०२० च्या टाळेबंदीत शाळाही फोनवरच भरली. मग सगळा दोष पोरांच्याच माथी कसा मारायचा?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या गावाने ठराव केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. आधी काही मंडळी हसली. पण गावातील महिलांनी आपण मालिका फार पाहतो हे मान्य केले आणि ठराव उभा राहिला. यातली मेख ध्यानात घ्या : फोन फक्त मुलांचा नव्हे, सगळ्यांचा बंद.

आम्ही तेच केले. आमच्याकडे सर्वजण कामावरून आठला परततात, म्हणून आठ ते साडेनऊ ही वेळ ठरवली. अभ्यासाचे व्हिडिओ त्याआधी. रात्री दहानंतर आमच्यासकट सर्वांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, आणि झोपण्यापूर्वी पडद्याचा उजेड डोळ्यांवर पडला की झोप लांबते.

पहिले चार दिवस आमचाच हात खिशाकडे जात होता. पाचव्या रात्री भाकरी मोडता मोडता मुलगा म्हणाला, "गणित अजिबात जमत नाही. भीती वाटते, म्हणून फोन बघत बसतो." इतके दिवस आम्ही फोनवर रागावत होतो, पोराची भीती आम्हांला दिसलीच नव्हती. आता शेजारचा कॉलेजातला मुलगा रोज तासभर गणित शिकवतो.

मातापित्यांनो, कुलूप घालण्याआधी एकदा आपला फोन खाली ठेवा आणि पोराजवळ बसा. आपल्या वस्तीतही असा भोंगा का वाजू नये?