तक्ता हवा, तारे नकोत

मे महिन्याची सुट्टी लागली की नवी मुंबईत वाशी-नेरूळपासून ऐरोलीपर्यंत अनेक घरांत फ्रिजवर कामांचा तक्ता लागतो. अंथरूण आवरलं, एक तारा. ताटं घेतली, आणखी एक. दहा तारे जमले की पिझ्झा, नाहीतर तासभर जास्त मोबाइल. आईवडील दोघेही सकाळच्या लोकलने बाहेर पडणार आणि मूल दिवसभर घरात राहणार, तेव्हा या तक्त्यामागची निकड खरी आहे. तक्ता जरूर असावा. त्यातला बक्षिसांचा रकाना मात्र पुसून टाकावा. ताटं घेण्याचे दहा रुपये मिळाले की मुलाला एवढंच कळतं, की हे काम मुळात दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि आपण ते उपकार म्हणून करतो आहोत. तेही नेमकं कुणाचं, हे त्याला घरातच दिसतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. आईच्या २८९ मिनिटांना तारा नाही आणि मुलाच्या पाच मिनिटांना आहे, हा हिशेब तो न शिकवता शिकतो.

आमिषाशिवाय मुलं हलतच नाहीत, असं पालक म्हणतात. संशोधन वेगळं सांगतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत चित्रं काढण्याची आवड असलेली मुलं निवडली. ज्यांना आधीच प्रशस्तिपत्रक कबूल केलं होतं, ती पुढे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढू लागली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड टिकली. चित्रकला हा खेळ, केर काढणं खेळ नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण २००८ मध्ये वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या मुलांची मदत करण्याची वृत्तीच तपासली. मदतीबद्दल खेळणं मिळालेली मुलं नंतर कमी मदत करू लागली; नुसतं कौतुक झालेली किंवा काहीच न मिळालेली करत राहिली. म्हणजे कामाची ओढ मुलांत असते. पोळी लाटायला मागणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या हातून आपण लाटणं काढून घेतो आणि तेराव्या वर्षी त्याच कामासाठी त्याला आमिष दाखवतो. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणातून बक्षीस आणि शिक्षा दोन्ही दूर ठेवायला सांगितलं, ते उगाच नव्हे.

सुट्टी खेळण्यासाठी असते, हेही खरं. म्हणून कामं मोजकी द्यावीत, पण पुरती द्यावीत. ‘मला जरा मदत कर’ असं म्हणण्यापेक्षा ओला-सुका कचरा वेगळा करून सोसायटीच्या डब्यात टाकण्याचं काम सुट्टीभर त्याच्याकडेच सोपवावं, मुलगा असो वा मुलगी. घरकामाला ताई येतात, या सबबीवर ते टाळू नये. खाऊचे पैसे ठरलेल्या दिवशी द्यावेत. काम केलं म्हणून वाढवू नयेत, राहिलं म्हणून कापू नयेत. आणि त्याने घातलेल्या कपड्यांच्या घड्या वाकड्या असल्या, तरी त्याच्यासमोर मोडून पुन्हा घालू नयेत. त्या तशाच कपाटात जाऊ द्याव्यात.