धक्का कुणाला बसला?

आमच्या लालबाग-करी रोडच्या पट्ट्यात ‘शॉकिंग’ हा शब्द हल्ली ‘अय्या’च्या जागी आला आहे. चिवडा गल्लीत चिवड्याचा भाव चढला, शॉकिंग. मालिकेतल्या सुनेने घर सोडलं, शॉकिंग. परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकाच सकाळी तो दोन गोष्टींना लागला: लिफ्ट बंद पडल्याला आणि एका कोवळ्या मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीला. दोन्हीखाली डोळे विस्फारलेला तोच पिवळा चेहरा.

नव्या पिढीला नावं ठेवायचं काही कारण नाही. ‘धक्कादायक’ आम्हीच घरोघरी पोचवला. उभी नोकरी मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. रात्री साडेअकराला शेवटची कॉपी यायची, पान सोडायची घाई असायची, आणि मथळ्याची ओळ आखूड पडली की हा शब्द हाताशी असायचा, उद्गारचिन्हासकट. तो सवंग झाला याचं मला फारसं वाटत नाही. शब्द वापरून झिजायचेच. खटकतं ते वेगळं. या शब्दात धक्का बसलेला माणूस असतो, देणाऱ्याचा पत्ता नसतो. माझी आजी संतापली की म्हणायची, ‘जनाची नाही, तर मनाची तरी बाळगा!’ ते कुणाला तरी उद्देशून असायचं. तो माणूस मान खाली घालून ऐकायचा, नाहीतर उलट भांडायचा. ‘शॉकिंग’ म्हटल्यावर कुणालाच मान खाली घालावी लागत नाही.

२९ सप्टेंबर २०१७ घ्या. शुक्रवार, खंडेनवमी. सकाळी साडेदहाच्या सुमारास जोराची सर आली आणि एल्फिन्स्टन रोड व परळ ही दोन स्टेशनं जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर लोक आडोशाला थांबले. मागून गाड्या येतच होत्या, माणसं उतरतच होती. फुलांचं ओझं पडलं, कुणीतरी ‘फूल गिर गया’ म्हटलं आणि ते ‘पूल गिर गया’ असं ऐकू गेलं, असंही नंतर सांगितलं गेलं. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. दुसऱ्या दिवशी दसरा. सगळीकडे मथळा ठरलेला.

त्या जिन्यावरून मी ऐन गर्दीत उतरलेलो आहे. पावसाळ्यात पुढच्याच्या छत्रीचं पाणी आपल्या सदऱ्यावर, मागच्याचा डबा आपल्या कमरेत. पायरी दिसायचीच नाही. पुढचं डोकं किती खाली गेलं यावरून पायरीचा अंदाज घ्यायचा आणि पाय टाकायचा. ‘एक दिवस इथे काहीतरी होणार’ हे तिथे येताजाता ऐकू यायचं, आणि म्हणणाराही पुढे सरकत ऑफिस गाठायचा. खासदारांनी रेल्वेमंत्र्यांना पत्रं लिहिली होती. प्रवासी गर्दीचे फोटो टाकून टाकून थकले होते. मग धक्का बसला कुणाला? रोज जाणाऱ्याला नाही. ज्यांच्या टेबलावर ती पत्रं होती त्यांना तर बसूच नये. पश्चिम रेल्वेच्या चौकशीतून कारण बाहेर आलं ते मुसळधार पावसाचं. मुंबईत, सप्टेंबर महिन्यात, पाऊस पडला!

पुढे लष्कराला बोलावलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी नवा पूल सुरू झाला. आमच्या करी रोडलाही लष्करानेच पूल बांधून दिला. वर्षानुवर्षं जे होत नव्हतं, ते २३ माणसं गेल्यावर पाच महिन्यांच्या आत झालं. पैसा, जागा, पोलाद सगळं होतं म्हणायचं.

त्या चेंगराचेंगरीनंतर बरोबर तीन महिन्यांनी, २०१७ सालीच, लोअर परळच्या कमला मिल आवारात मध्यरात्री गच्चीवरच्या पबला आग लागली. १४ जण गेले, अनेक जण स्वच्छतागृहात धुराने गुदमरून. गिरणी बंद पडल्यावर त्या आवारात काय काय उभं राहिलं, हे परळच्या पोराठोरांना ठाऊक होतं. मला त्या आगीपेक्षा दुसऱ्या दिवशीचा, ३० डिसेंबरचा शनिवार जास्त आठवतो. त्या एका दिवसात महापालिकेच्या पथकांनी शहरभर तीनशेहून जास्त ठिकाणी बेकायदा बांधकामांवर हातोडा घातला. चोवीस तासांत तीनशे पत्ते हाती लागले कसे? खणात यादी असल्याशिवाय हे होत नाही. आणि ज्याच्या खणात यादी आहे, त्याने वाहिन्यांसमोर ‘ही अत्यंत धक्कादायक घटना आहे’ म्हणू नये. दुसरा कुठलाही शब्द घ्यावा.

आता ज्यांना धक्का अगदी मनापासून बसतो, त्यांचंही बघू. गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजात र. धों. कर्वे गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. कॉलेजला ते मानवलं नाही, कर्व्यांनी नोकरी सोडली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. लोक घरात, डॉक्टरकडे, कुठेच विचारू शकत नव्हते ते प्रश्न पत्राने विचारायचे, कर्वे सरळ उत्तर द्यायचे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं काढलेले बॅरिस्टर. वाचक प्रश्न विचारतात, मासिकाचा विषयच तो आहे, मग उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं, असा त्यांचा साधा मुद्दा होता. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. अडाणीपणापायी बायका बाळंतपणं सोसून सोसून मरत होत्या, त्याचा सभ्य मुंबईला धक्का नव्हता. त्यावर छापलेल्या उत्तराचा होता.

‘सखाराम बाइंडर’चंही तेच. १९७२ साली तेंडुलकरांचं हे नाटक सेन्सॉरने अडवलं आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात जाऊन ते सोडवून आले. सखाराम बाईला पट्ट्याने मारतो, याने त्या वेळी किती जण कळवळले मला शंकाच आहे. नाटकातल्या चंपाच्या साडीने मात्र पुष्कळ जण हादरले.

शंभर वर्षांत आपण धक्के खाल्ले ते असे: पुस्तकाचे, नाटकाचे, साडीचे. जिने, गच्च्या, दुरुस्तीला आलेले पूल यांची सवय करून घेतली. मार्च २०१९मध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, तेव्हा त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट होऊन गेलेलं होतं. मथळा पुन्हा तोच.

म्हणून डेस्कवरच्या तरुण मुलामुलींना एकच सांगणं. पुढच्या वेळी ‘धक्कादायक’ टाइप झाला की खोडा. पहिली तक्रार कधीची आणि ती कुणाच्या टेबलावर पडून होती, एवढं त्या जागेत आरामात बसतं. कॉपीत ते नसेल, तर रिपोर्टरला रात्री फोन करून उठवा. शिव्या देईल, पण सांगेल.